किल्लीकाकांची एकवीस कलमं

बंदराच्या वसाहतीत नवं कुटुंब उतरलं, की सामानाच्या ट्रकचा मागचा फळका उघडायच्या आत एक बुटका, गोल चष्म्याचा, साठी ओलांडलेला माणूस दारात हजर असायचा. एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश आणि पँटच्या खिशात लोहचुंबक. नवी माणसं बिचकायची. एका बाईंनी त्याला ढेकूण मारायला आलेला माणूस समजून सगळ्या गाद्या अंगणात काढून ठेवल्या होत्या, आणि त्यानंही बिजागऱ्यांना ग्रीस लावून होईपर्यंत त्यांचा गैरसमज दूर करायची तसदी घेतली नव्हती.

हा वसाहतीचा कुलूपवाला. लहानथोर सगळे त्याला किल्लीकाका म्हणत. लाँड्री आणि औषधाचं दुकान यांच्यामधल्या बोळकांडीएवढ्या जागेत त्यांचं दुकान होतं. पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला एकेका घराची जादा किल्ली. जाडं गिऱ्हाईक आत आलं, तर काकांना बाहेर यावं लागे.

चौदा वर्षांपूर्वी हे बंदर झालं, वसाहत बांधली गेली, तेव्हाच काका आणि काकू इथं आले. समुद्राचा खारा वारा लोखंडाचं काय करतो, हे काकांनी पहिल्या पावसाळ्यातच ओळखलं. कुलपं जाम होतात, बिजागऱ्या फुगतात, चांगली घट्ट किल्ली वर्षभरात बिस्किटासारखी मोडते. मग त्यांनी नव्या लोकांना तीन गोष्टी सांगायला सुरुवात केली. पण दर वर्षी कोणाचं ना कोणाचं काहीतरी व्हायचं आणि यादी वाढायची. वाऱ्यानं दार आपटून शाळेतल्या शिपायाचं बोट चिरडलं, म्हणून दुपारी दाराला दगड लावायचं सहावं कलम आलं. लाटेनं कोणाची तरी चप्पल नेली आणि ती आणायला मुलगा काळ्या खडकांवर उतरला, तेव्हा चौदावं. काकांच्या लेखी प्रत्येक कलमामागे एक कुटुंब उभं होतं. एकविसावर यादी थांबली, आणि ती एकवीस कलमं काका ट्रकमधून कपाट उतरत असताना, कपाट उचललेल्या माणसाशेजारून चालत चालत म्हणून दाखवत.

दहातली सहा कुटुंबं वर्षाच्या आत परत जायची. काकांचं म्हणणं होतं, की लोक कलमं ऐकत नाहीत म्हणून जातात. काकूंचं म्हणणं होतं, की ते ऐकतात म्हणून जातात.

या वादाचा निकाल चौदा वर्षांत लागला नव्हता. तो लागायची वेळ आली ती बेबीच्या फोनमुळे.

बेबी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. चौतीस वर्षांची, एका मुलीची आई, पण बारशाचं नाव कोणालाच आठवत नसल्यासारखी अजून बेबीच. आईवडील इकडे आले, तेव्हा ती कॉलेजच्या वसतिगृहात होती. पुढं लग्न होऊन समुद्रापासून दूरच्या मोठ्या शहरात गेली. इथं यायची ती सुट्टीत आठ दिवस, आणि सुट्टीत आलेलं माणूस कलमं ऐकत नाही. तिच्या नवऱ्याला बंदराच्या नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी मिळत होती. तीन महिने पाहायचं. मानवलं तर कायमचं राहायचं, नाहीतर त्याची जुनी जागा तिकडं राखून ठेवलेली होती. घर मिळणार होतं एकशे चौदा नंबरचं, काकांच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत.

काकूंनी फोन खाली ठेवला आणि कितीतरी वेळ ओट्यावरचं स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं. नात सहा वर्षांची होती. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे म्हणून तिचं नाव भिंगरी. या आजीआजोबांना ती आजवर सुट्ट्यांचे दिवस जोडले तर जेमतेम दोन महिने मिळाली होती. काकांचे गुडघे बोलू लागले होते, काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तीन महिन्यांत पोरांना मानवलं, तर उरलेलं आयुष्य भरलेल्या घरात जाणार होतं. नाही मानवलं, तर दोघं एकमेकांची औषधं आठवण करून देत बसणार होते.

“अहो, इकडं बसा,” काकू म्हणाल्या.

काका बसले. त्यांनी मनात पहिल्या कलमाची उजळणी चालवलीच होती.

“बेबीला तुम्ही काही सांगायचं नाही.”

“काही म्हणजे?”

“काही म्हणजे काही नाही. एकही कलम नाही.”

“अगं, निदान मिठाची बरणी...”

“मिठाचीसुद्धा नाही. डॉक्टरांच्या घरची माणसं तुमच्या पाचव्या कलमाला उठून आत गेली आणि आतून कडी लावून घेतली. त्या शाळेच्या बाई अकराव्याला रडायला लागल्या. राहायला आलेल्या माणसाला तुम्ही असं काय सांगता, की त्याला वाटावं आपण बुडत्या जहाजावर भाड्यानं खोली घेतलीये. माझ्या भिंगरीला मी असं घालवू देणार नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.”

शपथ हा काकूंचा शेवटचा उपाय होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हा उपाय त्यांनी दोनदाच वापरला होता. एकदा तंबाखू सुटावी म्हणून, एकदा काकांनी शेजाऱ्याच्या छपरावर चढू नये म्हणून.

“तिनं आपण होऊन विचारलं तर?”

“हळूहळू कळेल, म्हणायचं.”

“आणि ग्रीस?”

काकूंनी जरा विचार केला. “ग्रीस काही तोंडानं बोलत नाही. ते लावा.”

मग काकांनी एकशे चौदा नंबरच्या घरात चार दिवस मुक्काम ठोकला. कलमं जिभेवरून उतरली आणि हातात आली. सगळे लोखंडी स्क्रू त्यांनी बदलले. बाथरूमला पितळेच्या बिजागऱ्या बसवल्या, त्याही पिन बाहेर न निघणाऱ्या, आणि कडीही जुन्या पितळेची, लोण्यासारखी सरकणारी. ती कडी इतकी चांगली होती, की काका निघताना ती सातआठ वेळा उघडून-लावून आले.

ट्रक आला. भिंगरी सामानावरून उडी मारून थेट आजोबांच्या गळ्यात पडली. काका दारात उभे राहिले, तोंड मिटून. हमाल कपाट खिडकीला टेकवून ठेवायला लागला. खिडकीपासून चार बोटं अंतर, कलम दुसरं, काकांच्या घशाशी आलं आणि त्यांना ठसका लागला. काकूंनी पाठ थोपटली आणि त्या निमित्तानं एक चिमटाही काढला.

जावईबापू हा गोड स्वभावाचा माणूस. त्याच्यात एकच खोट होती. त्याच्याकडे स्वतःचं ड्रिल मशीन होतं. अशा पुरुषाला जगात कुठलीच वस्तू आहे तशी बरी दिसत नाही. तिसऱ्या दिवशी काकाकाकू चहाला गेले, तेव्हा तो विजयी चेहऱ्यानं बाथरूममधून बाहेर आला.

“बाबा, आतली कडी काय कळकट होती हो. काळी पडलेली. काढून टाकली. ही बघा, मी तिकडूनच आणली होती. दोन आणल्या, एक बसवली पण.” आणि त्यानं दुसरी, आरशासारखी चकचकीत कडी काकांच्या हातात दिली.

काकांनी ती हातात घेतली आणि हात खाली आणला. तोच कडी त्यांच्या हातातून सुटली आणि टक्कन पँटच्या खिशाला जाऊन चिकटली. खिशात चुंबक होता. मांडीवर आडवी कडी घेऊन काका उभे राहिले.

सगळे हसले. भिंगरी तर लोळायचीच राहिली. “आजोबांना कडी लागली, आता आजोबा उघडायचे कसे,” म्हणून ती त्यांच्याभोवती नाचली. काकाही हसले. फक्त त्यांना माहीत होतं, की आत लोखंड आहे आणि वर नखाएवढाही जाड नसलेला मुलामा. खारा वारा मुलाम्याच्या आत शिरला, की लोखंड फुगतं आणि कडी नळीतच अडकून बसते. शिवाय अकरावं कलम होतंच. बाथरूमच्या कडीला लोखंड नको, आणि लहान मुलांना आतून कडी लावू देऊ नका. ते जिभेच्या टोकावर येऊन बसलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू चहाच्या कपावरून त्यांच्याकडेच पाहत होत्या.

“छान आहे,” काका म्हणाले. “चकचकीत आहे.”

त्यानंतरचे आठवडे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते आणि सर्वांत अवघडही. शाळा सुटली, की भिंगरी दुकानात यायची, उलट्या डब्यावर बसायची आणि भिंतीवरच्या किल्ल्यांना नावं ठेवायची. शहाण्णव नंबरच्या किल्लीला तिनं ‘दात पडलेल्या बाई’ म्हटलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरातल्या बाई समोर आल्या, की काका खोकत असत. दुसरीकडं बेबीचे बूट हिरवे पडले, आगपेटीतल्या काड्या मऊ झाल्या, जावयाच्या सायकलची साखळी एका रात्रीत तांबूस झाली.

“बाबा, इथं काड्या पेटत का नाहीत?”

“हळूहळू कळेल.”

“बाबा, पंख्याच्या बटणाला झटका का येतोय?”

“हळूहळू कळेल, बेबी.”

“बाबांना काय झालंय?” तिनं आईला विचारलं. “पूर्वी तोंड बंद होत नव्हतं. आता भिंतीवरचं कॅलेंडर बरं, निदान वार तरी सांगतं.”

कडीवर मात्र काकांनी डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. शपथ बोलण्याची होती, टूथब्रशची नव्हती. दोन दिवसांआड ते लेकीकडं जात, “जरा जाऊन येतो” म्हणत बाथरूममध्ये शिरत आणि पंधरा-पंधरा मिनिटं कडीच्या नळीत ग्रीस भरत बसत. जावईबापू बिचारा काळजीत पडला. त्यानं एके दिवशी त्यांच्या हातात इसबगोलाचा डबा ठेवला. काकांनी तो मुकाट्यानं घरी नेला. काकू डबा पाहून हसल्या, मग हसता हसता थांबल्या. “बदला ना ती कडी गुपचूप,” त्या म्हणाल्या. काका म्हणाले, “त्याला कळेल गं, वाईट वाटेल. ग्रीसवर निघेल काही महिने. कायमचं राहायचं ठरलं, की बदलू.”

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी काकांना ताप आला. साधाच ताप, पण नऊ दिवस त्यानं त्यांना अंथरुणाला धरून ठेवलं. नऊ दिवस वारा समुद्राकडून होता. जरा बरं वाटायला लागल्यावर ते दुकान उघडून बसले, आणि त्याच दिवशी चार वाजता दुकानातला फोन वाजला.

“बाबा, भिंगरी आत अडकलीये. कडी निघत नाहीये.”

तीन गल्ल्या काका कसे पळाले, ते त्यांनाच ठाऊक. वसाहतीत असं एकही कुलूप नव्हतं, जे त्यांना दोन मिनिटांत उघडता येत नव्हतं. पण कडीला बाहेरून भोक नसतं. आणि बिजागऱ्या त्यांनी स्वतः बसवल्या होत्या. पितळेच्या. पिन बाहेर न निघणाऱ्या.

“भिंगरे, बाळा, कडी डावीकडं ओढ. हळूहळू.”

“ओढली आजोबा. हलत नाही.”

“थोडं वर उचलून ओढ.”

“हात दुखतोय.”

“दोन्ही हातांनी ओढ, माझं सोनं.”

आतून रडणं आलं. मग मोठं रडणं, दारावर बुक्क्या, आईला हाका. बेबी दाराला गाल लावून बोलत होती, गाणी म्हणत होती, मध्येच वडिलांकडं वळून “बाबा, करा ना काहीतरी” म्हणत होती. आणि काका स्क्रूड्रायव्हर घेऊन आपल्याच बिजागरीशी झगडत होते. कामाची बढाई म्हणून जे जे पक्कं केलं होतं, ते ते पक्कंच होतं. जावई कचेरीतून धावत आला आणि दारावर लाथ मारायला निघाला. काकांनी त्याचा पाय धरला. “ती दारालाच टेकून बसली असेल.”

मग आतला आवाज थांबला.

अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ काकांनी दाराची खालची फळी करवतीनं कापली. त्यातला शेवटचा बराच वेळ आतून काहीच ऐकू येत नव्हतं. फळी निघाली, बेबी त्या भोकातून कमरेपर्यंत आत घुसली. भिंगरी कोपऱ्यात, बादलीमागं, गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तळहाताची साल निघालेली, फ्रॉक ओला. तिनं वर पाहिलं नाही. “चिमण्या गेल्या का?” एवढंच तिनं विचारलं. कुठल्या चिमण्या, ते कोणालाही कळलं नाही, आणि पुढंही तिनं ते सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हात चार दिवसांत बरा होईल. हात चार दिवसांत बरा झाला.

पण त्यानंतर भिंगरी कुठलंच दार लावू देईना. घराचं, खोलीचं, कपाटाचंसुद्धा. बाथरूमला जायचं, तर आईनं दार उघडं ठेवून समोर उभं राहायचं. शाळेत ती दिवसभर पाणी पीत नव्हती, कारण मग जावं लागेल. दुकानात तर तिनं पाय ठेवला नाही. “आजोबा, तुम्ही बाहेर या,” ती रस्त्यावरूनच म्हणायची. काका बाहेर यायचे. लाँड्रीच्या पायरीवर दोघं बसायचे, आणि तिनं ज्या किल्ल्यांना नावं ठेवली होती, त्यांतली एकही आठवत नसल्यासारखी ती समोर पाहत राहायची.

एके संध्याकाळी बेबी ती कडी कागदात गुंडाळून आईवडिलांकडं घेऊन आली. टेबलावर ठेवली. चकाकी वरून तशीच होती. नळीच्या आत मात्र तांबडा भुगा खच्चून भरलेला.

“बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?”

काका खोटं बोलू शकले असते. जावयाचा हट्ट, कडीच्या कंपनीची फसवणूक, तापाचे नऊ दिवस, काय काय होतं हाताशी.

“त्याच दिवशी,” ते म्हणाले. “खिशाला चिकटली तेव्हा.”

“तेव्हा आपण सगळे हसलो होतो.”

“हो.”

“अख्ख्या वसाहतीला तुम्ही दारात उभं राहून सांगता. ट्रकवाल्याला सांगता. हमालाला सांगता.” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “मला का नाही सांगितलं, बाबा?”

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. नळाखाली एकच वाटी धरली होती आणि पाणी वाटीतून वाहून जात होतं. काकांनी एकदा तिकडं पाहिलं. शपथेचं ते बोलले नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. “चुकलं,” काका म्हणाले.

बेबी गेल्यावर त्यांनी कलमांची वही काढली. काही झालं, की त्याच दिवशी लिहायची त्यांची सवय होती. त्यांनी बावीस असा आकडा घातला आणि पेन टेकवून बसून राहिले. लिहायला काही नव्हतं. जे झालं, ते अकराव्यात होतंच, अक्षर न अक्षर, नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याच हातानं लिहिलेलं. त्यांनी आकडा खोडला.

तीन महिने पुरे झाल्यावर ट्रक आला. जावयानं पाया पडताना “बाबा, चूक माझीच होती” असं म्हटलं, आणि तो ते इतकं मनापासून म्हणाला, की काकांना त्याचा राग येण्याची सोयही उरली नाही. बेबीनं आईला मिठी मारली, वडिलांनाही मारली, पण आईला मारलेली लांब होती. भिंगरी ट्रकच्या पुढच्या भागात खिडकीशी बसली, आणि ड्रायव्हरनं तिच्या बाजूचं दार ओढून घेतलं, तसं तिनं डोळे घट्ट मिटले. त्यामुळं तिनं हात हलवला नाही. काका बराच वेळ हलवत होते.

एकशे चौदाची किल्ली पुन्हा खिळ्यावर गेली. काका दुकान उघडत, बसत, बंद करत. चहा पिताना दोघं एकमेकांना गोळीची आठवण करून देत. वसाहतीत दोन नवी कुटुंबं आली आणि त्यांच्या दारात कोणी गेलं नाही. त्यांतल्या एकाची गादी बुरशीनं काळी झाली, असं लाँड्रीवाला सांगत आला. “काका, तुम्ही गेला नाहीत कसे?” तो म्हणाला. काका म्हणाले, “गुडघा.”

मग एकशे चौदामध्ये माणसं आली. किल्ली द्यायला तरी जाणं भाग होतं. काकूही बरोबर निघाल्या. का, ते काकांनी विचारलं नाही. नवरा, बायको, जुळ्या मुली आणि एक म्हातारी आई. काकांनी किल्ली दिली आणि परत फिरले.

“अहो काका,” त्या बाई मागून म्हणाल्या, “इथं समुद्राजवळ काही खास काळजी घ्यावी लागते का? आम्ही पहिल्यांदाच येतोय.”

चौदा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. काका थांबले.

“हळूहळू कळेल,” ते म्हणाले.

“नाही,” काकू म्हणाल्या. त्या पुढं झाल्या, पायरीवर चढल्या. “हळूहळू नाही. आत्ता ऐका. बसा हवं तर, वेळ लागेल. पहिलं म्हणजे मीठ काचेच्या बरणीत ठेवायचं, झाकणाखाली कागद घालून. दुसरं, कपाट भिंतीला टेकवायचं नाही, चार बोटं अंतर...” कपाटाचं अंतर खिडकीपासून होतं, भिंतीपासून नव्हे. काकांनी ते तसंच जाऊ दिलं. काकू डोळे बारीक करून, शाळेत कविता म्हणतात तसं म्हणत गेल्या. मध्ये कलमं पुढंमागं झाली, बुटांचं सायकलीत मिसळलं. पाचव्याला नवऱ्याचा चेहरा उतरला. आठव्याला म्हातारी आई ट्रंकेवर बसली. जुळ्या मुली एकमेकींचा हात धरून ऐकत होत्या. दहावं झालं आणि काकूंनी श्वास घेतला. “बारावं म्हणजे...”

“अकरावं राहिलं,” बाई म्हणाल्या. त्या बोटं मोजत होत्या.

काकूंनी तोंड उघडलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि काकांकडं पाहिलं, एक डोळा पांढुरका, दुसरा भरलेला.

काका घरात गेले. बंदराच्या कंपनीनं बाथरूमला नवं दार बसवून दिलं होतं, आत नवी कडी. त्यांनी खिशातून चुंबक काढला. तो कडीला टक्कन बसला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, चारही स्क्रू सोडवले, कडी खिशात टाकली आणि बाहेर आले. पँट एका बाजूला खाली ओढली गेली होती.

“अकरावं बाथरूमचं आहे,” ते म्हणाले. “कडी काढलीये.”

बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. “मग दार लावायचं कसं?”

“लावू नका,” काका म्हणाले.